युद्धबंदी म्हणजे कैदी की लढाई थांबणं?

चिंचबोर:
दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात अडकलेय. जून १९४० चा भाग आहे. २२ जूनला काँपिएन्यच्या जंगलात जर्मनीने फ्रान्सला लढाई थांबवण्याच्या करारावर सही करायला लावली, तीही रेल्वेच्या त्याच डब्यात जिथे १९१८ ला, पहिलं महायुद्ध थांबवताना, जर्मनांनी सही केली होती. त्या कराराच्या २० व्या कलमात होतं की जर्मनांच्या ताब्यातले फ्रेंच सैनिक कायमचा तह होईपर्यंत कैदेतच राहतील. मी लिहिलं, 'युद्धबंदी झाली तरी युद्धबंदींची सुटका झाली नाही.' संपादक बाईंनी खाली लाल रेघ मारून पाठवलं. मला दोन्ही अर्थांनी हाच शब्द माहीत आहे. कुठला ठेवू?

गवतीचहा:
कैद्याला युद्धकैदी. आमच्या घरी १९७१ चा विषय निघाला की वडील '९३ हजार युद्धकैदी' असंच म्हणायचे. कैदी या अर्थाने युद्धबंदी हे हिंदी बातम्या ऐकून आलंय, मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं आणि तेवढंच.

अनुस्वार:
अजिबात पटलं नाही. बंदिवान, बंदिशाळा, बंदिवास हे काय हिंदी बातम्यांतून आले का? बंदी म्हणजे कैदी हा संस्कृतातला शब्द आहे आणि तुम्ही सुचवताय तो 'कैदी' अरबी. थांबवणे या अर्थाची बंदी फारसीतून आलेली, दारूबंदी, नसबंदी, नाकेबंदी यांतली, उर्दूत जंगबंदी म्हणतातच. म्हणजे हे दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला सारखे झाले इतकंच. कैद्यासाठी युद्धबंदी ठेवा आणि लढाई थांबण्याला शस्त्रसंधी म्हणा.

गवतीचहा:
मग कैद, तुरुंग, शिपाई, फौज, सगळेच काढून टाका भाषेतून. शब्द कुठून आला त्यापेक्षा वाचणाऱ्याला पटकन काय कळतं ते बघा ना. युद्धकैदी वाचून कोणीही अडखळत नाही.

अनुस्वार:
काढा असं म्हटलं नाही मी. आपल्याकडे आहे तो शब्द चुकीचा ठरवू नका एवढंच म्हणणं आहे.

उंबरठा:
शस्त्रसंधी मला या जागी चालत नाही. सीमेवर गोळीबार झाला की 'शस्त्रसंधीचं उल्लंघन' अशी बातमी येते, त्यामुळे तो शब्द त्याच चित्राला चिकटलाय. १९१८ चं प्रकरण निराळं होतं. ११ नोव्हेंबरला पहाटे ५ च्या सुमारास सह्या झाल्या, ११ वाजता तोफा थांबल्या, पण करार होता फक्त ३६ दिवसांचा! मग डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी अशी मुदत वाढवत नेली आणि खरा तह व्हर्सायला २८ जून १९१९ ला. म्हणजे मधले सात महिने युद्ध संपलेलं नव्हतं, थांबवून ठेवलेलं होतं. यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, तहकूब. सभा तहकूब होते, संपत नाही. माझे आजोबा 'लढाई तहकूब झाली' असंच म्हणायचे, युद्धतहकुबी हा शब्दही जुन्या लिखाणात दिसतो. आता का मागे पडला कळत नाही, मला फार आवडतो.

गवतीचहा:
तहकुबीत तह आलाच की, म्हणजे तह करण्यासाठी थांबणं. तिथूनच आला असणार.

उंबरठा:
नाही हो, शाळेच्या पालकसभा तहकूब होतात तेव्हा कुठला तह होतो?

अनुस्वार:
आणि १९१८ ला तर एक बंदी चालूच होती, नाकेबंदी. करारातच लिहिलं होतं की दोस्त राष्ट्रांची समुद्री नाकेबंदी उठणार नाही, ती उठली जुलै १९१९ मध्ये. तोफा बंद होऊनही जर्मनीत लोकांचे खायचे हाल चालूच. अशा वेळी 'युद्धबंदी' लिहिलं की सगळं संपल्यासारखं वाटतं, माझा विरोध त्यासाठीसुद्धा आहे.

चिंचबोर:
हे माहीत नव्हतं. पण मग कैद्यांच्या बाबतीत १९१८ ला काय ठरलं होतं?

अनुस्वार:
नेमकं उलट. दोस्तांचे कैदी जर्मनीने लगेच सोडायचे, बदल्यात जर्मन कैदी सोडायचं बंधन नाही. १९४० ला हिटलरने डबा तोच आणला आणि कैदी ठेवून घेतले. १८ लाखांच्या आसपास फ्रेंच सैनिक पकडले गेले होते, त्यातले कितीतरी १९४५ पर्यंत घरी आले नाहीत.

माळरान:
उशिरा लिहितोय. आमच्या घरात तिसराच वापर आहे. पणजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमाराला २९ एप्रिल १९१६ ला इंग्रजांच्या फौजेची तुर्कांपुढे शरणागती झाली त्यात सापडले. आजी सांगायची, 'ते तुर्काच्या बंदीत गेले.' युद्धबंदी नाही, युद्धकैदीही नाही, नुसतं बंदीत गेले. परत आले नाहीत. देवघरातल्या फडताळात त्यांचा पितळी बिल्ला आहे, आजी दसऱ्याला चिंच लावून घासायची, आता त्याच्यावरचा आकडा नीट लागत नाही.

उंबरठा:
कुतला १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. आकडा यांतला असेल का? उजेडात तिरका धरून फोटो काढा ना.

माळरान:
पहिला एक नक्की आहे. पुढचा पुन्हा एक असेल किंवा शून्य. रविवारी गावी जातोय तेव्हा काढतो.

अनुस्वार:
कागद घेऊन वरून शिसपेन्सिल हलकी फिरवा, उठतो आकडा. आणि आजी 'बंदीत' म्हणताना द वर जोर द्यायची का न वर, तेही सांगा.

चिंचबोर:
फोटो इथेच टाका प्लीज. माझं वाक्य अजून तसंच आहे, लाल रेघेसकट, लेख मंगळवारी द्यायचाय.