वाडीची शाळा बंद करून समूह शाळा, काय वाटतं?

रानवारा: आमच्या झेडपी शाळेची पटसंख्या विसाच्या खाली गेलीय, आता म्हणे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच समूह शाळा करणार, गाडी येऊन पोरं नेणार. पहिलीतलं पोर रोज घाटातनं पाठवायचं का?

खडूफळा: आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात पाचवीपर्यंत १ किमीच्या आत शाळा असं आहे. एसएमसीत (शाळा व्यवस्थापन समितीत) ठराव घ्या, बीईओंना (गटशिक्षणाधिकाऱ्यांना) द्या.

जुने_गुरुजी: चार वर्गांना मी एकटा. चौथीला गणितं घालून दिली की पहिलीकडे वळायचं, त्यात ऑनलाइन माहिती भरत बसा. समूह शाळेत वर्गाला एक शिक्षक तरी मिळेल हो.

टेकडीवरची_रेंज: बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत पण नेटवर्क कुठंय? आणि ओढ्याला पाणी आलं की गाडी पलीकडेच थांबणार, तेव्हा काय करणार ते आधी लेखी घ्या.