नवी प्रजाती नुसत्या डीएनए बारकोडवर जाहीर करावी का?

रानभुंगा:
खोडावर लाकडासारखी कडक भूछत्रं येतात ना, त्यांच्या आत सिइडी कुळातले भुंगेरे राहतात, बहुतेक १ ते ३ मिमीचे. हल्ली सूर असा की एवढ्याशा किड्यांची वर्णनं लिहायला वेळ कुणाला आहे, बारकोड (प्रजाती ओळखायला वाचतात तो डीएनएचा छोटा तुकडा) काढा, नाव द्या, पुढे चला. २०२१ मध्ये कोस्टा रिकातल्या ब्रॅकोनिड कुळातल्या ४०३ वास्पना (गांधीलमाशीच्या जातकुळीतले कीटक) अशीच नावं दिली, बहुतेकांचं वर्णन म्हणजे बारकोड आणि फोटो. भुंगेऱ्यांचं असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. सिडोसेला मुसावासेन्सिस घ्या, भूछत्रातलाच पण दुसऱ्या कुळातला. १९९९ ला निकाराग्वातून वर्णन झालं, २०१५ ला कोलंबियातल्या नमुन्यांची मापं आली, सगळ्यात छोटा ०.३२५ मिमी! स्वतंत्र जगणाऱ्या कीटकांत याहून लहान माहीत नाही. आणि हा तोच, हे नीट लिहिलेलं जुनं वर्णन होतं म्हणून कळलं.

मुक्ता८१:
अजिबात सहमत नाही. सिइडीत नराच्या डोक्यावर शिंगं असतात, पण एकाच प्रजातीत मोठ्या नराची ठसठशीत आणि लहान नराला नुसते उंचवटे, मादीला तर तेही नाहीत. नुसतं बघून काम करणारा माणूस तिघांना तीन नावं देऊन मोकळा होईल, बारकोड तिघांना एकत्र आणतो. शिवाय या कुळावर काम करणारे जगात मोजकेच आणि मेलेलं लाकूड जंगलातून उचललं जातंय, कधी लिहून होणार सगळं?

रानभुंगा:
त्याला डीएनएच कशाला? भूछत्र डब्यात ठेवा, काही आठवड्यांत नर, मादी, अळ्या सगळं बाहेर येतं. बऱ्याच प्रजातींत नराच्या पोटाखाली, पहिल्या कडीवर बारीक केसांचा खळगा असतो, त्यावरून शिंग नसलेला नरही ओळखता येतो.

मुक्ता८१:
अहो पण एकाच भूछत्रात दोन-तीन प्रजाती सुखाने नांदतात! डब्यातून निघालेली मादी कुठल्या नराची हे कसं सांगणार तुम्ही?

जुनाखोका:
मुक्ताताई, मुद्दा बरोबर आहे पण बारकोड म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या एका जीनचा साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा. व्होल्बाकियासारखा जिवाणू आईकडून पिल्लांत जातो आणि मायटोकॉन्ड्रियाही त्याच वाटेने, त्यामुळे दोन वेगळ्या प्रजातींचा बारकोड सारखा येऊ शकतो. आणि खरी अडचण जुन्या नावांची. १९व्या शतकातले कितीतरी होलोटाइप, म्हणजे ज्यावरून नाव दिलं ते मूळ नमुने, म्युझियममध्ये कार्डावर चिकटवलेले आहेत, त्यांचा डीएनए मोडून गेलेला असतो. नियमाप्रमाणे आधीचं नाव खरं. मग तुमची बारकोडवाली प्रजाती आधीच कुणी लिहिलेली नाही हे कशाशी ताडून बघणार?

मुक्ता८१:
हे मान्य, जुन्या नमुन्याशी शरीरच ताडावं लागेल. पण म्हणून वेग सोडायचा का? २०१३ ला न्यू गिनीतल्या ट्रायगोनोप्टेरस सोंडकिड्यांच्या १०१ प्रजाती एकाच पेपरात आल्या, त्यात डीएनए होता, फोटो होते आणि नराच्या जननेंद्रियाची चित्रंही होती. वर्णनं आटोपशीर, पण पुढच्याला ताडून बघता येतील अशी.

रानभुंगा:
असं असेल तर माझी हरकत नाही. सिइडीसाठी एकच भर घालेन, भूछत्राचं नाव लिहिलंच पाहिजे. ट्रॅमिटीसवरचे आणि गॅनोडर्मावरचे भुंगेरे बहुतेक वेगळे असतात आणि लेबलवर नुसतं "बुरशीतून" एवढंच असेल तर पुढच्या माणसाने तो किडा परत शोधायचा कुठे?