गाडी विकण्याआधी कर्जाची बाकी बघा

मोठी गाडी विकून छोटी घेतली की उरलेले पैसे सरळ घराच्या डाउन पेमेंटला, असं बरेच जण सुचवतात. पण कर्ज चालू असेल तर आधी बाकी बघा. पहिल्या दोन-तीन वर्षांत गाडीची किंमत कर्जापेक्षा भराभर उतरते, मग विकताना पदरचे घालावे लागतात. मी त्यासाठीच दीड वर्ष थांबलो.

खरा फायदा पुढे कळला. गृहकर्ज देताना बँक चालू हप्तेही मोजते. गाडीचा हप्ता संपला तशी पात्रता वाढली. टायर, विमा स्वस्त झाले ते वेगळंच. छोटी गाडी मात्र वापरलेलीच घ्या, सुरुवातीची मोठी घट पहिल्या मालकाच्या खिशातून गेलेली बरी! डिकीत आईची व्हीलचेअर मावत नाही, ती मागच्या सीटवर आडवी टाकतो.