चढावर चेन उडते, रविवारी रामटेक राइड आहे. मदत हवी

एकटापॅडल:
रविवारी क्लबची रामटेक राइड आहे. जोर लावला की चेन उडते, पाय एकदम खाली जातो. गिअर दोनदा ट्यून केला, फरक शून्य. गडाच्या चढावर असं झालं तर मागचे अंगावर येतील. लवकर सांगा.

काटोलरोड:
कोणती सायकल, किती स्पीड, मागच्या कोणत्या कॉगवर (दातेरी चकतीवर) उडते? एवढं तरी लिहा न भाऊ. इथे कोणी ज्योतिषी नाही.

हँगरवाला:
हँगर वाकला आहे, म्हणजे मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) ज्याला लटकतो ती पट्टी. मागून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं (जॉकी व्हील) आणि कॉग एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत.

एकटापॅडल:
रोड बाइक, 8 स्पीड, पुढे 50-34 दात, मागे 11 ते 28. सायकल पडलेली नाही. कधी कधी उडते.

काटोलरोड:
'कधी कधी'ने काही कळत नाही. सगळ्या कॉगवर उडत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे किंवा फ्रीहबचे पॉल (मागच्या चाकाच्या हबमधले खटके) घसरून राहिले. एक-दोनवरच उडत असेल तर ते कॉग झिजले. आणि चेन कधी बदलली?

तर्रीपोहे:
28 मिमीच्या टायरमध्ये 110 psi हवा भरून येऊ नका, 75-80 पुरे. विचारलं नाही कोणी, माहीत आहे.

एकटापॅडल:
लहानाकडून तिसरा आणि चौथा. मोठ्यांवर जातच नाही. चेन गेल्या आठवड्यातच नवी टाकली, म्हणजे तिचा प्रश्न नाही.

काटोलरोड:
घ्या! हेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं. जुनी चेन ताणत जाते, तसे कॉगचे दातही त्याच मापाने झिजतात. नवी चेन पिन ते पिन बरोबर अर्ध्या इंचाच्या मापाची. ती झिजलेल्या दातांत नीट बसत नाही, जोर आला की दातावर चढते अन् सटकते. आपलं नागपूर सपाट, सगळा दिवस 50 ला 15 नाहीतर 17 वर जाते, म्हणून तेच दोन गेले. 24 आणि 28 जवळपास कोरे असतील. गडाचा चढ लागायच्या आधीच पुढे 34 वर या. जोरात असताना पुढचा गिअर पाडला तर चेन आत पडते. मग मागे 24-28, बसूनच चालवा. 34-28 ला 60 च्या केडन्सने (मिनिटाला पॅडलचे 60 फेरे) ताशी 9 किमी मिळतात, बस झालं.

हँगरवाला:
हँगर तपासल्याशिवाय कॅसेटचा (मागच्या सगळ्या कॉगचा संच) खर्च करू नका.

काटोलरोड:
हँगर वाकला की एका टोकाला गिअर जुळवला तर दुसऱ्या टोकाला बिघडतो. फक्त मधले दोन कायले उडतील?

मेणबत्ती:
तेल सोडा, चेनला पॅराफिन मेण लावा. आधी कारखान्याचं ग्रीस पूर्ण काढायचं, नाहीतर मेण धरत नाही. तेलावर धूळ बसली की पॉलिशपेपरच होतो.

तर्रीपोहे:
इथे चेन उडून राहिली अन् याला मेण सुचते.

चढउतार:
सरळ 11-32 टाका, गुडघे वाचतील.

काटोलरोड:
डिरेलर शॉर्ट केजचा (आखूड दांड्याचा) असेल तर वरचं जॉकी व्हील 32 ला घासेल. मॉडेल बघून मगच घ्या.

एकटापॅडल:
जुनी चेन फेकली नाही. रविवारपुरती लावू का?

काटोलरोड:
लावा. ती या दातांसोबतच झिजली आहे, गुमान चालेल. आधी स्टीलच्या पट्टीने मोजा. पिनेच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत 12 इंच भरायला पाहिजेत. 1/16 जास्त म्हणजे अर्धा टक्का, 1/8 म्हणजे एक टक्का, तेव्हा कॅसेटही गेलीच समजा. चेन जोडायची कडी (क्विक लिंक) 8 स्पीडचीच घ्या. नवी चेन ठेवून द्या, नव्या कॅसेटवर तीच चढवा. कॅसेट काढायला चेन व्हिप (कॉग धरून ठेवायचं हत्यार) आणि लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) उघडायचं टूल लागते. फ्रीहबची एक खाच वेगळ्या रुंदीची असते, कॉग एकाच प्रकारे बसतात, ठोकू नका. लॉकरिंग 40 न्यूटन मीटर.

एकटापॅडल:
सेमिनरी हिल्सच्या चढावर नव्याच चेनवर पाहिलं. 17 वर उडली. 24 वर उभं राहूनही नाही उडली. तरी रविवारी जुनीच लावतो, कॅसेट सोमवारी.

तर्रीपोहे:
गडावर वानरं लई आहेत. केळी जर्सीच्या मागच्या खिशात उघडी ठेवू नका.

हँगरवाला:
कॅसेट काढालच, तर हँगरही बघून घ्या.