बंधाऱ्याखालचा डोह वाढतोय, दगड-मुरूम टाकून भागेल का?

ओढ्याकाठचा:
आमच्या शिवारातल्या ओढ्यावर 10 फुटी सिमेंटचा बंधारा आहे. पाणी पडतं तिथं दरवर्षी डोह खोल होतोय. यंदा उन्हाळ्यात आत उतरलो तर एप्रनच्या (बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी पडतं तिथल्या फरशीच्या) काँक्रीटखाली कोपरापर्यंत हात गेला. पाया मुरमात आहे, कातळ लागलाच नव्हता. गावकीत ठरतंय की दोन-चार ट्रॉल्या दगड-मुरूम ओतून खड्डा बुजवायचा. टिकेल का?

ट्रॅक्टरवाला:
आम्ही ओतलाय. मुरूम पहिल्याच पावसात गेला, दगड पुढच्या वळणावर सापडले. डिझेलसुद्धा वसूल झालं नाही.

रिटायर्ड शाखा अभियंता:
मुरूम अजिबात नको, तो त्या पाण्याला चारा घालणं आहे. 3 मीटरवरून पडणारी धार खाली सेकंदाला साडेसात मीटरच्या वेगानं आदळते. तो जोर काँक्रीटवर जिरला नाही तर मुरमात जिरणारच. शिवाय गाळ बंधाऱ्यामागं अडकतो, त्यामुळं वाहून गेलेलं भरून यायला वरून काही येत नाही.

लोक महापुराला दोष देतात. मोठ्या पुरात खालचं पाणीही चढतं, बंधारा जवळजवळ बुडतो, वर-खाली हातभर फरक उरतो. खरी खोदाई पूर चढताना आणि उतरताना होते: वरून धार जोरात, खाली पाणी कमी. म्हणून विचारतो, खाली वाळूउपसा झालाय का? पात्र मीटरभर खचलं की तुमचा 3 मीटरचा बंधारा 4 मीटरचा झाला.

डोह पूर्ण बुजवू नका. साठलेलं पाणीच धारेचा मार झेलतं. जपायचा तो पाया. पाणी उपसून एप्रनखालची पोकळी काँक्रीटनं भरा, एप्रनच्या टोकाला ओढ्याला आडवी, जमिनीत खोल उतरणारी भिंत घ्या, त्यापुढं तारेच्या जाळीत बांधलेले मोठे दगड. भिंतीच्या खोलीसाठी लेसी ह्या इंजिनिअरचं सूत्र: एक मीटर रुंदीतून सेकंदाला 5 घनमीटर पाणी जात असेल आणि गाळगुणांक (पात्रातला गाळ किती भरड ते सांगणारा आकडा) 1 धरला, तर खोदाई जवळपास 4 मीटर येते. ती मोजायची पुराच्या पातळीपासून. खालच्या टोकाला मी दीडपट धरायचो. सूत्र मुळात गाळाच्या नद्यांचं, मुरमात अंदाजापुरतं वापरा. शेवटचा आकडा जागा बघून इंजिनिअरनंच ठरवावा.

बंधारा भरलेला असताना डोहात झरे फुटतात का? पाणी गढूळ असेल तर पायाखालून माती निघतेय. खोसला ह्या इंजिनिअरांनी पंजाबातल्या कालव्यांच्या बांधकामांखाली पाण्याचा दाब मोजून 1936 साली हिशेब मांडला तो ह्याच दुखण्याचा.

ओढ्याकाठचा:
साहेब, खाली दोन फर्लांगावर उपसा झाला खरा. एक झरा आहे, पण निवळ दिसतो.

रिटायर्ड शाखा अभियंता:
निवळ दिसतो एवढ्यावर जाऊ नका. दर आठवड्याला काचेच्या ग्लासात धरा, तळाला वाळू बसली तर आधी बंधाऱ्यातलं पाणी उतरवा, मग दुरुस्ती. उपसा थांबवायचं ग्रामसभेत घ्या, नाहीतर नवी भिंतही चार वर्षांत उघडी पडेल.

आणि पोरांना तिथं पोहू देऊ नका. धारेखाली डोहातलं पृष्ठभागाचं पाणी उलटं बंधाऱ्याकडं फिरतं, पट्टीचा पोहणाराही त्यात अडकतो.