सातवीसाठी जीवनकौशल्यांच्या तासिका: काय घ्यावं, कोणाची मदत घ्यावी?

लालबागची_बाई

नमस्कार. लालबाग-परळ भागातल्या अनुदानित मराठी शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात पन्नासच्या वर मुलं. बहुतेकांची घरं चाळीत नाहीतर एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतींत, आई-वडील दोघंही कामाला जाणारे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकांनी आठवड्याच्या दोन तासिका 'जीवनकौशल्यं' म्हणून माझ्याकडे दिल्या आणि काय शिकवायचं ते माझ्यावरच सोडलं.

मुलं हुशार आहेत, पण गटात काम दिलं की दोघं राबतात आणि बाकीचे बघत बसतात. भांडण झालं की एकतर हात उचलला जातो, नाहीतर आठवडाभर अबोला. फळ्यापाशी येऊन बोल म्हटलं की निम्म्या मुलींच्या माना खाली. आणि अभ्यास कायम आदल्या रात्री.

एक खासगी संस्था एका दिवसाची कार्यशाळा घ्यायला तयार आहे. दर मुलामागे पैसे, शेवटी प्रमाणपत्र. पालकांकडे मागायला मन धजत नाही. मागावेत का? की माझी मी घेऊ शकेन असं काही आहे? या तासिका मला वाया घालवायच्या नाहीत.

चाफा_मुलुंड

बाई, पैसे मागू नका. मी निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

२०११ साली जोसेफ डर्लॅक या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना भावना आणि नाती सांभाळायला शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचे निकाल एकत्र तपासले. त्यांत २ लाख ७० हजारांहून जास्त विद्यार्थी होते. मुलांची वागणूक सुधारलीच, शिवाय अभ्यासातली प्रगतीही वाढली. बहुतेक शाळा अमेरिकेतल्या होत्या, हे लक्षात ठेवायला हवं. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की वर्गाच्या शिक्षकांनीच घेतलेले कार्यक्रमही चांगले परिणाम देऊन गेले. आणि ज्यांचा परिणाम जास्त दिसला त्यांच्यात चार गोष्टी होत्या: कौशल्य पायरी-पायरीने शिकवलेलं, मुलांकडून प्रत्यक्ष करून घेतलेलं, त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवलेला आणि आज नेमकं काय शिकतोय ते मुलांना स्पष्ट सांगितलेलं. एका दिवसाच्या कार्यशाळेत यातलं किती बसेल, तुम्हीच बघा.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यांची यादी तुम्हाला प्रशिक्षणात मिळाली असेल. दहाच्या दहा घ्यायला जाऊ नका. तुमच्या वर्णनावरून मला तीन दिसतात: ऐकून घेऊन बोलणं, भांडण सोडवणं आणि स्वतःचं काम स्वतः आखणं. मार्चपर्यंत ही तीन झाली तरी खूप झालं.

सुरुवात ऐकण्यापासून करा. जोड्या लावा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं आणि मग "तुझं म्हणणं असं आहे ना?" म्हणून ते आपल्या शब्दांत सांगायचं. पहिल्याने "हो, असंच" म्हटल्याशिवाय पाळी बदलायची नाही. विषय साधे ठेवा, रविवारी काय केलं, लोकलमध्ये काय दिसलं असे. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल. होऊ द्या, पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा घ्या. ज्या मुली फळ्यापाशी बोलत नाहीत त्या जोडीत बोलतात. तिथून चौघींच्या गटात आणि मग वर्गासमोर, असं हळूहळू न्या.

वडाळा_गणितसर

गटात दोघंच राबतात, यावर जिगसॉ पद्धत वापरून बघा. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती आणली. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात ताण होता.

समजा भूगोलाच्या धड्याचे पाच भाग केले. पाच जणांच्या गटात प्रत्येकाला एकच भाग द्यायचा. सगळ्या गटांतले पहिला भाग मिळालेले आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात परत जाऊन इतर चौघांना शिकवतात. चाचणी सगळ्या धड्यावर. म्हणजे न बोलणाऱ्या मुलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय गटाचं भागतच नाही. जीवनकौशल्याची तासिकाही लागत नाही, भूगोलाच्या तासालाच होतं.

पन्नास मुलांत बाकं हलवायला वेळ जातो. आमच्याकडे मधल्या सुट्टीनंतरची तासिका घेतो, मुलं बाकं लावूनच आत बसतात.

रंगपेटी

मी मुलांची नाट्यशिबिरं घेते, म्हणून भांडणाबद्दल लिहिते.

वर्गात खरोखर झालेलं भांडण कधीही करून दाखवायला लावू नका. जखम ताजी असते आणि बघणारे बाजू घेतात. काल्पनिक नावं द्या, प्रसंग मात्र त्यांच्याच जगातला असू द्या: पाण्याच्या नळावर कोणी रांगेत घुसलं, उसनं नेलेलं कंपासपेटीतलं कर्कटक मोडून परत आलं, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून एकीलाच काढून टाकलं. प्रसंग एकदा तसाच होऊ द्या. दुसऱ्यांदा करताना बघणाऱ्या मुलांनी "थांब" म्हणायचं, उठून त्या पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं काही बोलून बघायचं. ही रीत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरची आहे. सातवीच्या मुलांना ती चटकन जमते, कारण चूक-बरोबर कोणी ठरवत नाही. काय बोललं की समोरचा शांत होतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

त्यातच बोलण्याची एक पद्धत पक्की करून घ्या. "तू नेहमी माझी वस्तू मोडतोस" असं म्हटलं की समोरचा लगेच "नेहमी कुठे?" म्हणून वाद घालतो. त्याऐवजी काय झालं, मला काय त्रास झाला आणि आता काय हवंय, एवढंच सांगायचं: "कर्कटक मोडलं, उद्या माझी भूमितीची परीक्षा आहे, आज संध्याकाळपर्यंत तुझं देशील का?" मुलं सुरुवातीला पाठ केल्यासारखं म्हणतात. पाठ केलेलंही चालतं. राग आला की नवीन वाक्य सुचत नाही, तोंडात बसलेलं वाक्यच बाहेर येतं.

मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, तेव्हापासून इथे मुलांच्या नाटकाची परंपरा आहे. तुमच्या भागात हौशी नाट्यमंडळं भरपूर आहेत. गणेशोत्सवात एकांकिका बसवणाऱ्या एखाद्या ताई-दादाला विचारून बघा. पुष्कळदा एक शनिवार आनंदाने देतात.

समुपदेशक_दादर

वरचे सल्ले चांगले आहेत. पण सुरू करण्याआधी सुरक्षिततेचा विचार हवा.

मुलं बोलती झाली की घरातलंही बोलतात. "तू काहीही सांग, मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. पहिल्याच तासाला सांगा: "इथलं आपण बाहेर चघळणार नाही, पण कोणाला धोका आहे असं वाटलं तर मी मदत मिळवीन." लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापिकांशी याबद्दल आधीच बोलून ठेवा. प्रसंग आल्यावर बोलायला बसू नका. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक फुकट आहेत. वर्गात लावा आणि मुलांना वहीतही लिहून घ्यायला सांगा.

दुसरं, सगळ्या वर्गासमोर "तुला आत्ता काय वाटतंय ते सांग" असा आग्रह धरू नका. "पास" म्हणायची मुभा प्रत्येकाला हवी.

तिसरं, कोणी सांगेल की रोज दहा मिनिटं ध्यान घ्या, सगळं सुधारेल. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत ११ ते १४ वयाच्या ८ हजारांहून जास्त मुलांवर सजगता-ध्यानाची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आले. नेहमीच्या शिकवणीपेक्षा काही फायदा दिसला नाही. परीक्षेआधी दोन मिनिटं शांत बसवा, छान आहे. पण तासिका त्यावर खर्च करू नका.

सल्लागार हवे असतील तर ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीतून मानसिक आरोग्याचं काम करते. तिथे विचारा.

गिरगावचा_बाबा

पालक म्हणून अभ्यासाच्या आखणीबद्दल लिहितो. "मुलांना संयमच नाही" असं सगळे म्हणतात आणि त्या मार्शमॅलोच्या प्रयोगाचा दाखला देतात: समोरची मिठाई लगेच न खाता थांबलं तर जास्त मिळेल असं लहान मुलांना सांगायचं; जी थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली, असं म्हणतात. २०१८ मध्ये जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला गेला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर पुढच्या यशाशी त्याचा संबंध फारच थोडा उरला. आमच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि धाकट्याचा पाळणा एकाच ठिकाणी. तिथे मुलगी संध्याकाळी अभ्यास करत नाही, यात तिचा स्वभाव किती आणि खोली किती?

म्हणून "मन लावून अभ्यास कर" असं नका सांगू, जागा आणि वेळ ठरवायला शिकवा. तिच्या बाईंनी 'जर-तर' लिहून घेतलं होतं. "जर मैत्रीण खाली बोलवायला आली, तर राहिलेली दोन गणितं करून येते असं सांगेन." "जर घरात पाहुणे आले, तर जिन्यातल्या कट्ट्यावर बसून वाचेन." पीटर गॉल्विट्झर यांनी यावर संशोधन केलंय. प्रसंग आणि तेव्हा काय करायचं ते आधीच जोडून ठेवलं की काम होण्याची शक्यता वाढते. आमच्या घरात फरक पडला. शाळा सुटल्यावर एखादा वर्ग तासभर उघडा ठेवता आला, तर त्याहून जास्त पडेल.

लालबागची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्यशाळेला नाही कळवलं. पहिले काही आठवडे जोड्यांत ऐकणं, मग रंगपेटी ताईंची 'थांब' पद्धत, आणि भूगोलाला जिगसॉ. मुख्याध्यापिकांशी पॉक्सोबद्दल उद्याच बोलते. संध्याकाळी वर्ग उघडा ठेवायची कल्पना फार आवडली, शिपाईकाकांच्या वेळा बघाव्या लागतील.

एक विचारायचंय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवलेत. त्यातला एखादा दिवस संवादासाठी वापरता येईल का?

चाफा_मुलुंड

येईल की. मुलांना जवळच्या पोस्टात न्या, पण वेळ तुम्ही मागू नका. चार मुलांनी जाऊन पोस्टमास्तरांना भेटायचं, आपण कोण, कशासाठी आणि किती जण येणार ते सांगायचं आणि वेळ घ्यायची. आधी वर्गात तालीम करून घ्या, नकार आला तर काय बोलायचं त्याचीसुद्धा. फळ्यापाशी न बोलणाऱ्या दोघी त्या चौघांत हव्यात.