अनुभव धागा : ‘फ्री बर्ड्स’ पाहून मुलांचा हिरमोड का झाला?

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या वसाहतीच्या गच्चीवर मुलांसाठी ‘फ्री बर्ड्स’ हा २०१३ सालचा अमेरिकी अ‍ॅनिमेशनपट दाखवला. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या जेवणातून टर्की पक्षी कायमचा वगळला जावा म्हणून दोन टर्की कालयंत्रातून १६२१ साली, अमेरिकेत आलेल्या इंग्रजांच्या प्लिमथ वसाहतीत जातात, हे ऐकूनच मुले हरखली होती. पाहून झाल्यावर मात्र बहुतेक जण गप्प गप्प खाली उतरले. ज्यांनी घरच्या मुलांबरोबर हा चित्रपट पाहिला असेल, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

होटगी रस्ता
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गच्चीची फरशी रात्री नऊ वाजताही तापलेली होती, म्हणून पाणी शिंपडून आम्ही सतरंज्या अंथरल्या आणि भाजलेल्या शेंगांची टोपली मध्ये ठेवली. रानटी टर्कींचा म्होरक्या कळपासाठी जीव देतो, तो प्रसंग आला तेव्हा तिने सोललेली शेंग तशीच हातात धरली आणि विचारले, “आई, त्यांच्याकडे यंत्र आहे ना? मग आदल्या दिवशी जाऊन त्याला का वाचवत नाहीत?” मला उत्तर सुचले नाही. पुढे कळेल असे सांगून मी तिला थांबवले, आणि आम्ही दोघी शेवटपर्यंत त्या उत्तराची वाट पाहत बसलो. कालप्रवासाच्या गोष्टीत यंत्राला काही तरी मर्यादा असावी लागते, म्हणजे गेलेला जीव परत का आणता येत नाही हे मुलांना पटते. येथे कथेला अडचण आली की यंत्र हजर होते आणि एरवी त्याची कोणाला आठवणही राहत नाही. मुले मधूनमधून हसली, हे खरे आहे. पण माझ्या मुलीला त्या म्होरक्याची काळजी वाटली होती आणि चित्रपटाने त्या काळजीची दखलच घेतली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

जुळे सोलापूर
आमच्या मुलाला बोलणारे कालयंत्र मनापासून आवडले. शेवटी भुकेल्या वसाहतकऱ्यांपुढे पिझ्झा येतो आणि सगळा तंटा मिटतो, तेव्हा मात्र तो “एवढंच?” असे म्हणून उठला.

पूर्व भाग
मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे माझी तक्रार निराळी आहे. प्लिमथला ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० मध्ये आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. पुढच्या वर्षी पीक हाती आल्यावर जी तीन दिवसांची मेजवानी झाली (थँक्सगिव्हिंगचे मूळ तीच मानतात), तिला तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली. चित्रपटाने त्या मूळ रहिवाशांची पिसे आणि चेहऱ्यावरचे रंग टर्कींना चढवले आहेत, म्हणजे ज्यांनी मेजवानीत वाटा उचलला, त्यांचाच वेश ज्यांची शिकार होते त्या पक्ष्यांना दिला आहे. हे मला अतिशय खटकले. नातवाने विचारले, “आजोबा, तुम्हाला यंत्र मिळालं तर कुठे जाल?” मी त्याला मे १९३० मधले सोलापूर सांगितले: इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला होता, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली. “मग आपण त्यांना आधीच सांगायला जाऊ,” असे तो लगेच म्हणाला आणि कोणत्या रस्त्याने जायचे, हेही विचारू लागला.

विजापूर रस्ता
मी पक्षिनिरीक्षणासाठी नान्नजच्या माळरानावर जातो. एके काळी तेथे दिसणारा माळढोक आता क्वचितच आढळतो, आणि त्याची मादी बहुधा एकच अंडे घालते. म्हणून पक्षी आपली जात वाचवायला भूतकाळात जातात, ही कल्पना मला फार जवळची वाटली. परंतु पडद्यावरचे टर्की पक्ष्यांसारखे वागतच नाहीत. टर्की खरोखर उडतो का, असे पुतणीने विचारले, तेव्हा रानटी टर्की थोडे अंतर चांगला उडतो आणि रात्री झाडावर बसून झोपतो, हे मलाच तिला सांगावे लागले.